शेगडीमागचे वेन्झलकाका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निम्म्या शहराच्या धुराड्यांची काजळी अजून कानात बाळगणारे कास्परराव. व्यासपीठावरच्या राजवाड्याच्या माजी स्वयंपाकीण रोझालियाबाई. आणि आता कुणाचेच नोकर न उरलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

वेन्झलकाका चाळीस वर्षांनी निवृत्त होताहेत. म्हणजे नोकरीच त्यांच्या आधी निवृत्त झाली, ते जाऊ द्या.

राजवाड्यातल्या खोल्या तापवायच्या, भिंतीत बांधलेल्या शेगड्यांत लाकडं घालायची ती मागून, भिंतींमधल्या बोळांतून. नियम एकच. शेगडीवाला दिसता कामा नये, ऐकू येता कामा नये. काकांनी दोन सम्राटांना ऊब दिली, तोंड एकाचंही पाहिलं नाही. मी डोंगरातून त्यांच्या हाताखाली आलो आणि पहिल्याच दिवशी शिंकलो, तर यांनी स्वतःची टोपी माझ्या तोंडात कोंबली. चव अजून आठवते.

गेल्या नोव्हेंबरातली ती सकाळ. आपण लढाई हरलेलो, पहारेकरी बंदुका टाकून घरी गेलेले, पुढच्या दारात दगड घेतलेला जमाव. आत उरले सम्राट रुडिगर, त्यांची पाच वर्षांची लेक आणि भिंतीत आम्ही दोघं. मी म्हणालो, काका, पळूया. काका म्हणाले, दहा वाजताची लाकडं घालायची राहिलीत.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "शेगडी गरम आहे. म्हणजे मागे कुणीतरी आहे." मग जरा थांबून, "आम्हाला बाहेरची वाट माहीत नाही हो."

एवढ्या साम्राज्याचा धनी, आणि स्वतःच्या घराचं मागचं दार ठाऊक नाही! काकांनी माझं तोंड दाबलं. बोलावं तर चाळीस वर्षांचा नियम मोडतो. न बोलावं तर त्या लेकराचं काय?

"बाबा, शेगडीत भूत आहे का?" ती म्हणाली.

मला हसू आवरेना. काकांचे डोळे मात्र भरले. त्यांनी भिंतीतल्या दाराची कडी काढली, दिवा विझवला आणि सळईनं भिंतीवर ठकठक केली. निघाली आमची वरात. एक वळण पुढे राखून ठकठक करणारे काका, त्यांच्या कोटाला धरून मी, मागे कोपरं आपटत सम्राट, आणि पोरगी सारखी बजावतेय, "भूतकाका, हळू चाला."

कोळशाच्या फाटकाशी आम्ही रिकाम्या पिंपामागे दडलो. बाहेर रोझालियाबाई सलगमांची गाडी घेऊन नुकत्याच पोचल्या होत्या. पोत्यांखाली कोण कसं मावलं, ते त्यांनाच विचारा.

गाडीत चढण्याआधी सम्राट फाटकाच्या दारात थांबले. अंधाराकडे बघून म्हणाले, "आमच्या खोलीत कधी थंडी वाजली नाही. निदान आवाज तरी ऐकू द्या."

आणि मंडळी, काका बोलले. "महाराज, दार ओढून घ्या. ऊब जाते."

सम्राटांनी ओढून घेतलं. नीट, दोन्ही हातांनी.

असो. सभागृह देणाऱ्यांचे आभार, साखरेवाचून गोड झालेल्या केकबद्दल रोझालियाबाईंचे आभार. माझी जीभ बोळात वाढलेली. काही वेडंवाकडं गेलं असेल तर धुरावर घाला.

अध्यक्षमहाराज, फुलं तुमच्या हातात आहेत, पण काकांची खुर्ची रिकामी आहे. मघाशी सभागृह एकदम उबदार झालं, तेव्हाच मला शंका आली. टाळ्या नकोत, आणखी लपतील. सभागृहाच्या त्या शेगडीवर तीनदा ठकठक करा. आज पुढून येऊ द्या त्यांना.