उजव्या मनगटावरचा गोफ

हॅलो?… हॅलो, कल्याण लागलं का?… विठ्ठलवाडीचं प्रशिक्षण केंद्र ना? मुलांना लेथवरचं काम शिकवतात ते?… हं. मी ठाण्याहून बोलते आहे, नौपाड्यातून. डॉक्टरांच्या दवाखान्यातून. माझा नातू आपल्याकडे शिकतो. त्याला या क्षणी यंत्रापासून दूर करा.

… काय म्हणालात? हजेरी क्रमांक?

… क्रमांक मला ठाऊक नाही. आमच्या घरात माणसांना क्रमांक देत नाहीत. नाव लिहून घ्या. त्र्यंबक. वडील गोपीनाथ; ते हयात नाहीत. आजोबा… ते नाव मी घेत नाही. विष्णूचे अवतार मोजा, त्यातले पाचवे. … वामन. बरोबर. आपण उच्चारलंत, मी नाही. आणि पणजोबा बाबाजीराव, ज्यांनी खाडीला बांध घालून मिठागर उभं केलं, ते… काय?… फक्त आडनाव हवं होतं? मग तसं आधी विचारावं. ताम्हाणे.

… सापडलं? … हो, टर्नरचा वर्ग. तोच. सहा महिने झाले.

… वर्कशॉपमध्ये आहे, हे मलाही ठाऊक आहे. म्हणूनच फोन केला. घरी असता तर हाक मारली असती.

… परीक्षा? आजच?… आणि प्रत्येक मुलगा एकटा यंत्रावर?… किती वाजता सुरू झाली?

डॉक्टर, तिथे परीक्षा चालू आहे. … नको, खुर्ची नको मला. मी उभीच राहीन.

हॅलो! आहात ना?… आपलं नाव काय?… काळुराम. बरं, काळुराम, आता मी जे सांगते ते मध्ये न बोलता ऐका. त्र्यंबकच्या उजव्या मनगटावर एक गोफ आहे. सात पदरी, तांबडा. घंटाळीच्या देवीपुढे ठेवून मी स्वतः बांधलेला. तो…

… मध्ये बोलू नका म्हटलं ना!

… असेल. असेल आपल्या भिंतीवर नियमांची पाटी. मी आपल्या भिंती पाहायला आलेले नाही. अंगठी नको, घड्याळ नको, दोरा नको, सैल बाही नको. मला हे आज कळलं. अर्ध्या तासापूर्वी. गुडघा दाखवायला म्हणून मी इथे आले, तर समोरच्या बाकावर एका कारखान्यातला माणूस बसलेला, आणि त्याचा हात टॉवेलमध्ये… ते मी सांगत नाही. त्याला मोठ्या इस्पितळात पाठवलं. डॉक्टर म्हणाले, बाहीचं बटण तुटलं होतं. एवढंच. फिरत्या लोखंडाने बाहीचं टोक धरलं. एकदा धरलं की ते सोडत नाही, गुंडाळतच जातं. माणसाला ओरडायला सुचेपर्यंत हात आत गेलेला असतो.

… तुटेल, म्हणता? … सुती असता तर तुटला असता. काळुराम, तो रेशमाचा आहे. माझ्या लग्नातल्या शालूच्या काठाचं रेशीम उसवून मी तो वळला. मुद्दाम. कधी तुटू नये म्हणून.

… हॅलो? आपण हसलात का?… मग तो आवाज कसला?… बरं. लाईनचा असेल.

… मास्तरांच्या नजरेला कसा येणार? तो बाही खाली ओढून बटण लावतो. वैशाखातसुद्धा पूर्ण बाहीचा सदरा. मी चारचौघांत कौतुक करत होते, की आमच्या मुलाला अंग झाकायची रीत आहे. … तो लपवत होता. सहा महिने लपवत होता, आणि मी कौतुक करत होते.

… का काढत नाही? कारण मी त्याला शपथ घातली आहे. … माझी. माझ्या गळ्याची. ‘हा गोफ उतरवलास तर मी मेले असं समज.’ हे शब्द माझे आहेत, काळुराम. तो उतरवणार नाही. हात गेला तरी उतरवणार नाही. मीच त्याला तसा वाढवला आहे.

… कोण बोललं मध्ये?… एक्स्चेंज? … तीन मिनिटं झाली? मग वाढवा. … सहा करा, नऊ करा, बाई, संध्याकाळपर्यंत राहू द्या, पण ही लाईन सोडू नका.

काळुराम! मोठे साहेब कुठे गेलेत ते मला सांगू नका. परवानगी कुणाची लागते, तेही नको. आपण उठा. … फोन जागेवर ठेवू नका, बंद होईल. टेबलावर आडवा ठेवा. आणि धावा. … चप्पल कसली शोधता! धावा!

… गेला. डॉक्टर, गेला तो. पावलं ऐकू आली.

… यंत्रं ऐकू येताहेत. … इतक्या लांबून तुम्हाला नाही यायची. मी कानाशी धरलंय. घरघर चाललीय नुसती. एकच मोठी मोटर आहे म्हणे त्यांच्याकडे. वरून पट्टे येतात आणि त्यांवर सगळी यंत्रं फिरतात. जेवता जेवता त्र्यंबकने पानाशेजारी पाण्याच्या रेघा ओढून मला दाखवलं होतं. मी म्हणाले, अन्नापुढे लोखंडाच्या गोष्टी नकोत. बिचाऱ्याने रेघा पुसून टाकल्या.

… कचेरीपासून वर्कशॉप किती लांब असेल हो? … तुम्हाला तरी कसं ठाऊक असणार!

… एकोणीस. श्रावणात वीस पूर्ण होतील. … हो, एकुलता एक. त्याची आई तो चालायला लागायच्या आधीच गेली, हे तुम्ही जाणताच. जमिनी कुळांकडे गेल्या, मिठागर विकलं. मॅट्रिक झाला आणि म्हणाला, आजी, मला कारकुनी नको, हातात कसब हवं. मी दोन दिवस अन्नाला शिवले नाही. तिसऱ्या दिवशी शालू काढला, गोफ वळला, आणि म्हणाले, जा. पण हे बांधून जा. मला वाटलं, मी त्याच्या सोबत कुणीतरी पाठवते आहे. मला वाटलं…

… डॉक्टर.

… थांबलं.

… यंत्रं हो! सगळी. एकदम. … आवाजच नाही. हॅलो! हॅलो, कुणी आहे का तिथे? काळुराम!… कुणीतरी ओरडलं आत्ता. … नाही, शब्द नाही कळले. … डॉक्टर, मोटर कधी बंद करतात हे लोक? जेवणाच्या सुट्टीला? किती वाजले? … पावणेअकरा. पावणेअकराला कोण जेवतं!

… हॅलो!

… विठ्ठलवाडीहून इथवर आणायला किती वेळ लागेल? … मला धीर देऊ नका, मिनिटं सांगा. … आणि आणताना काय करायचं असतं? घट्ट बांधायचं? कोपराच्या वर? मग मला तसं सांगू द्या त्यांना, कुणी फोन उचलला की.

… एक्स्चेंज? बाई, आहात ना? तुम्हाला काही ऐकू येतं का तिकडून? … मलाही नाही.

… हॅलो! हॅलो, कोण?… झेवियर मास्तर? … बाकी सगळं मागाहून. आधी सांगा, हात आहे का? … दोन्ही? … आणि बोटं? … मोजलीत? … पुन्हा मोजा. मी थांबते.

… दहा. डॉक्टर, दहा आहेत. … द्या आता ती खुर्ची.

मास्तर, मग यंत्रं का थांबली? … आपण थांबवलीत. काळुराम दारातूनच ओरडला म्हणून. … बरं केलंत. … हो. … बाही वर सारली, आणि? … गोफाचा एक पदर सुटून बाहेर लोंबत होता. केवढा? … वीतभर. … आणि फिरतं लोखंड तिथून किती… नको. नका सांगू.

… हं. … हं. … आपला राग योग्य आहे. … बोला, मास्तर, मी ऐकते आहे. गेल्या पन्नास वर्षांत माझ्याशी या सुरात कुणी बोललेलं नाही, पण आज आपण बोला. फक्त एक लक्षात ठेवा, मुलाला बोलू नका. चूक त्याची नाही.

… कापू देत नाही? … मनगट पोटाशी धरून भिंतीला टेकून उभा आहे? … परीक्षा सोडतो म्हणाला? … नाव काढून टाकाल? … मास्तर, काय काढायचं ते नंतर काढा. चौघांनी धरून कापलंत, तर तो उद्या आपल्याकडे येणार नाही, आणि घरी माझ्याकडे नजर वर करून पाहणार नाही. त्याची समजूत अशी, की दोरा सुटला की तिकडे आजी संपली. वेडेपणा म्हणा हवा तर. वेड मी लावलं आहे.

… आपण ठाण्याचेच ना? मग लहानपणी गल्लीत खेळताना ऐकलं असेल. ज्याने शपथ घातली, त्यानेच स्वतःच्या तोंडाने ‘सुटली’ म्हणावं लागतं. निरोप चालत नाही. चिठ्ठी चालत नाही. … बघा, आहे ना लक्षात! मग त्याला फोनवर आणा. माझा आवाज त्याच्या कानावर पडू दे.

… आता नाही, एक्स्चेंज. … पुढचा कॉल खोळंबला असेल. खोळंबू द्या. बाई, तुम्हाला मुलं आहेत का? … मग थांबा.

… त्र्यंबक? … बाळ, बोल. काहीतरी बोल. … हो, मीच. … बरा आहे गुडघा. गुडघ्याचं काय घेऊन बसलास!

ऐक. तो गोफ उतरव. … उतरव म्हणते ना. … हो, मीच बांधला, आणि मीच सांगते आहे. … कुणी मला भरीला घातलेलं नाही. मला भरीला घालणारा अजून जन्मायचा आहे.

… काही होणार नाही मला. … त्र्यंबक, मी शहात्तर वर्षांची आहे. मला जे व्हायचं ते वयाने होईल, तुझ्या मनगटाने नाही.

… बरं, बरं. नीट म्हणते. फोन कानाशी घट्ट धर. मी आवडाबाई ताम्हाणे, तुला घातलेली माझ्या गळ्याची शपथ सुटली. … आलं ऐकू? … आणि मी बोलतेच आहे ना अजून? मग!

… मास्तरांच्या हातात दे मनगट. … कापला? … कातडीला लागलं नाही ना? … खिशात नको ठेवूस. टाकून दे. … शालूचं रेशीम असलं म्हणून काय झालं! टाक त्या लोखंडाच्या चुऱ्यात.

… आता जा परीक्षेला. मुलं खोळंबली असतील. … काय?

… हे तुला कुणी सांगितलं?

… हौसाबाईंनी. पोळ्या लाटता लाटता ह्याच गोष्टी सांगतात वाटतं तुला. स्वयंपाकाला ठेवलंय त्यांना, की…

… नाही. चिडले नाही.

… खरं आहे. घातली होती शपथ तुझ्या बापालाही. तुझ्याच वयाचा होता गोपीनाथ. मुंबईला राहून यंत्रांचं काम शिकायचं होतं. मी म्हणाले, ताम्हाण्यांच्या मुलाने तेलात हात बुडवले तर माझं मेलेलं तोंड पाहशील. गेला नाही तो. मिठागराच्या कचेरीत बसला, आणि जन्मभर लोकांची घड्याळं आणि शिवणयंत्रं खोलून दुरुस्त करत राहिला. पैसे घेत नसे. पैसे घेतले असते तर ते काम झालं असतं ना.

… मागितलं होतं. शेवटच्या दुखण्यात. डॉक्टर होते तेव्हा खोलीत, हेच. ‘आई, आता तरी सुटली म्हण.’ … नाही म्हटलं मी. तोंड फिरवून बसले.

… अभिमान नव्हे. सगळ्यांना तसंच वाटलं, मीही वाटू दिलं. … त्र्यंबक, मला वाटलं, शपथ आहे तोवर तो माझ्याशी बांधलेला आहे. सोडली की जाईल. … भ्याले, बाळ. तेव्हाही भ्याले. … दुसऱ्या सकाळी गेलाच तो. बांधलेला गेला.

… नऊ वर्षं झाली. हे देणं आहे माझ्यावर, मला काय ठाऊक नाही? पण देऊ कुणाला? घेणारा नाही.

… आत्ता? फोनवर? … इथे माणसं आहेत, त्र्यंबक. डॉक्टर आहेत, कंपाउंडर आहे, तुझे मास्तर ऐकताहेत, ती एक्स्चेंजची बाई ऐकते आहे. … हो. त्याला नाही म्हटलं तेव्हाही माणसं होतीच.

… बरं. तू तिथेच उभा राहा. बोलू नकोस. हुंकारसुद्धा देऊ नकोस.

… गोपीनाथ.

… सुटली रे. मुंबईची सुटली, तेलाची सुटली, माझ्या तोंडाची सुटली. सगळी सुटली. माझ्याकडे मी काही ठेवलं नाही.

… हं.

… आहे मी. आहे. … डोळे पूस, आणि मग यंत्राजवळ जा. धूसर दिसत असताना जाऊ नकोस. मास्तरांना म्हणावं, मोटर चालू करा. … आणि बाही दुमड. कोपराच्या वर. … त्याहून वर. … हं. ठेवते.