पंचायतीच्या रेडिओची वायर

सकाळी आठची गोष्ट. आमच्या तापीकाठच्या गावात, पंचायत कचेरीत, रेडिओची वायर गायब! संध्याकाळी त्याच रेडिओवर कापसाचे भाव ऐकून शेतकरी व्यापाऱ्याशी सौदा करणार होते.

शिपाई म्हणाला, "उंदीर खाई गया, दादा."

"पितळी पिनांसकट?"

"मोठा उंदीर व्हता."

असल्या उंदरांच्या मागे लागणं हा माझा वार्ताहराचा धंदाच. तडक शहाद्याला गेलो आणि तसलीच वायर मागितली. दुकानदार म्हणाला, "आनखी कितल्या वायरी लेशात, भाऊ? तुमना गावमा येस तो कापसाना व्यापारी काल दुपारलेच व्हत्यात तितल्या समद्या वायरी लई गया. 'पंचायतना रेडिओनी वायर हरपी गई' म्हने."

काल संध्याकाळच्या बातम्या आम्ही सगळ्यांनी त्याच रेडिओवर ऐकल्या होत्या.