मंगळसूत्राचा रिकामा हूक

हसू नका राव, पण माझ्या टूलरूमच्या नोकरीनं घरात भांडण लावलं. बायकोच्या तीन नाजूक चेनी एकमेकींत गुंतल्या, त्या सोडवता सोडवता तळेगावच्या लग्नात आमच्या अक्षता हुकल्या. मग मी घरी, कंपनीत हत्यारं टांगतात तसा बोर्डच ठोकला. प्रत्येक चेनीला, मंगळसूत्राला वेगळा हूक, खाली नाव, शेजारी दोरीला रजिस्टर. गुंता बंद, बायको खूश!

चारच दिवसांनी बघतो, तर मोठ्या मंगळसूत्राचा हूक रिकामा. मी ओरडलो, "मंगळसूत्र कुठंय?"

"गळ्यात!"

"मग रजिस्टरला सही का नाही? आमच्या टूलरूममध्ये सही केल्याशिवाय नट आवळायचा पानासुद्धा हलत नाही."

ती आरशातून म्हणाली, "लग्नाच्या रजिस्टरला एकदा सही करून फसलेय. आता पुन्हा नाही!"