साडेतीनशेचं काडतूस

हॅलो?… हॅलो, रिका? मी डिर्क… डिर्क, तुझा भाऊ. हो, नंबर बदललाय… अगं ऐक ना, ठेवू नकोस. बाबा आहेत. जिवंत आहेत, घाबरू नकोस.

एक काम होतं. बंदुकीचं… हो, बंदुकीचंच. तुझ्याशिवाय कोणाला विचारू? दिवसभर तेच दुरुस्त करत असतेस.

शनिवारी हरणांचा हंगाम उघडतो ना. बाबांसाठी एक रायफल जुळवलीय मी. आपोआप भरणारी… कारण त्यांचा डावा हात गेलाय, रिका. जुलैत अर्धांगाचा झटका आला… नाही कळवलं. त्यांनीच नको म्हटलं होतं… त्यावर नंतर भांड. आत्ता ऐक.

जुनी रायफल दर गोळीला ओढून भरावी लागते. एका हाताने कशी भरणार? ही तिवईवर टेकवायची, उजव्या हाताने चाप ओढायचा, बास… काडतूस? साडेचारशेवालं… हं… हं… दे शिव्या, दे. दुकानातला म्हणाला, हरीण जागच्या जागी पडतं.

हो, बसला ना दणका. आज दुपारी शेतात नेलं होतं त्यांना. एकच गोळी झाडली. बंदूक अशी आदळली की खुर्चीसकट मागे गेले. उजवा खांदा काळानिळा झालाय… नाही, हाड नाही मोडलं, दाखवून आणलं. काय वजन राहिलंय त्यांचं, तू बघितलं नाहीस. माझीच चूक.

आता दुसरं कोणतं घेऊ, तेवढं सांग… नाही, तीनशेवालं इथे चालत नाही. मिशिगनच्या या भागात काडतूस सरळ नळकांड्याचंच लागतं, मानेशी निमुळतं झालेलं नको. आणि वनखात्याचा माणूस आपला शेजारी… साडेतीनशेवालं? माझ्याही मनात तेच होतं. दणका निम्म्याहून कमी?… पण हरीण पडेल ना? जखमी होऊन झाडीत पळालं तर बाबांना सोसणार नाही… मचाणापासून ओढ्यापर्यंत. शंभर वारसुद्धा नाही… मग ठीक.

पण त्याची नळी कुठून आणू?… विचारलं. चारही दुकानांत विचारलं. मागवली तर पुढच्या बुधवारी. नळीमागचा बोल्टही वेगळा लागणार ना?… मॅगझिनही? म्हणजे वरचा अख्खा भागच. आज बुधवार आहे, रिका. तीन दिवसांत मी काय करू?

पुढच्या वर्षी जाऊ दे, असं म्हणू नकोस… कारण हृदय थकलंय त्यांचं. डॉक्टर म्हणाले, पुढचा हंगाम धरू नका… हो, त्यांच्यासमोरच म्हणाले.

काय?… तुझ्याकडे आहे? तुझ्या रायफलीचा? हो गं, तुमच्या ओहायोत हंगाम आमच्यानंतर… दोन खिळी काढली की सुटतो, माहीत आहे. माझ्या रायफलीवर बसेल?… दुर्बीणही त्यावरच? नेम लावलेला?… देवच पावला.

कुरियरने?… अगं, दोन तासांचा तर रस्ता आहे. मी आलो असतो, पण यांना एकटं कसं टाकू? तू घेऊन ये.

… हं.

माहीत आहे मला. आईच्या दफनाला तू काय बोललीस, तेही ऐकलं आणि ते काय बोलले, तेही. सहा वर्षं झाली त्याला.

ऐक. आज ते पडल्यावर त्यांना उचलून ट्रकच्या मागच्या फळीवर बसवलं. वाटलं, आता माझ्या नावाने ओरडतील. तर म्हणाले, "रिकाचं खरं होतं. तिच्या आईला दवाखान्यात न्यायला मीच उशीर केला." तोंड वाकडं झालंय, शब्द तुटतात, म्हणून मी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाले.

ऐकलंस ना, रिका?…

नाही, रायफलीसाठी नाही सांगत. आईचं नाव घेऊन खोटं बोलेन का मी? तो भाग नाही आणलास तरी ये. मला एकट्याला हे झेपत नाहीये आता.

… आहेत. इथेच बसलेत. देऊ?… थांब.

बाबा, रिका आहे… आपली रिका. घ्या, धरा नीट. बोला ना, ऐकतेय ती.

"रि… का. हं… हं… दुखतो खांदा. हो… चूक… माझी होती… नाही, बंदूक राहू दे. तू… तू ये… डिर्क, घे रे. रडतेय ती."

हॅलो? मी बोलतोय… नाही गं, रागावून नाही दिला परत फोन. त्यांनाही बोलवत नाहीये आता. तोंड फिरवून बसलेत… शुक्रवारी कशाला, उद्याच ये ना… काय? आत्ता? आणि कामाचं?… बरं. बरं… मटणाचं सूप केलंय, तिघांना पुरेल… तो वरचा भाग… घेतलास. बरं.

हा आवाज कसला? गाडी सुरू केलीस?… मग ठेव तो फोन. दोन्ही हातांनी चालव.