सूचकाचं नाव

उत्तमराव : …आता उठा वो तठून, सुभद्राबाई. दोन घंटे झाले, ड्रायवर ताटकळून राह्यला. जेसीबीसमोर असं फतकल मारून बसनं शोभते का तुमाले?

सुभद्रा : नाई उठत. शोभेचं तुमी नोका सांगू मले. सहा वाजता मशीन आनलं तुमी, चोरावानी. साऱ्या बाया पान्याले गेल्या होत्या. पार्बताबाई एकटीच होती अठी. सत्तर वर्साची म्हातारी मशीनले आडवी झाली, तरी थांबला नाई तुमचा ड्रायवर. चिखलात घसरून पडली. मनगट मोडलं तिचं. शेजारच्या आचलनं गाडीवर बसवून तिवस्याच्या दवाखान्यात नेलं तिले. बोंबलत गेली बिचारी.

उत्तमराव : पडली त्याचं वाईट वाटते मले. पन हात काही ड्रायवरनं मोडला नाई.

सुभद्रा : मंग कोनं मोडला? मेथीच्या वाफ्यानं?

उत्तमराव : हे पाहा, मी या वार्डाचा नगरसेवक हावो. जागा नगरपंचायतीची हाये, लेआउटमधली खुली जागा. अठी बगीचा होऊन राह्यला. सिमेंटचे गट्टू बसतीन, बाकडे येतीन, झुले लागतीन. तुमचेच नातू खेळतीन ना?

सुभद्रा : बगीचा! आन आजपर्यंत हे काय होतं? तीन वर्साआंधी अठी काय होतं, आठवते का? मेलेलं डुक्कर सडत होतं. सारा वार्ड नाक दाबून जात होता. आमी चौदा बायानं घमेल्या-घमेल्यानं कचरा उचलला. दोन महिने निरा काचा निघत होत्या मातीतून. हे पाहा, काच लागल्याचा वन अजून हाये हातावर. मंग पालक लावला, मेथी, सांबार-कोथिंबीर, वांगे, भेदरं. अंगनवाडीत भाजी जाते अठून. बाळंतिनीच्या घरी जाते. तुमच्या सुनेले शेपू कुठून गेली होती? मी सोता आनून देली होती तुमच्या दारात.

उत्तमराव : मी नाई म्हनतो का? कौतुकच केलं तुमचं.

सुभद्रा : केलं ना! स्वच्छतेचं बक्षीस आनलं नगरपंचायतीनं, आमच्या वाफ्याचे फोटो दाखवून. त्या फोटोत तुमी माह्या बाजूले वांगं धरून उभे होते. दात काढून.

उत्तमराव : कौतुक वायलं आन कागद वायला. जागा तुमाले देली असा कागद हाये का तुमच्यापाशी?

सुभद्रा : कागद! चार अर्ज देले आमी. एक नळ द्या म्हनलं, सायब म्हने पाहू. घंटागाडीतला ओला कचरा द्या, आमीच खत करतो म्हनलं. तरी पाहू. तो कचरा चार किलोमीटर नेऊन जाळता तुमी, पन आमाले देत नाई. आमी त्या गळक्या व्हॉल्वखाली गुंड-घागरी लावून पानी आनतो. मांगनं काय होतं आमचं? एक नळ, कचऱ्याचं खत, आन पाच वर्सं कोनी उठवनार नाई एवढा भरोसा. महाल मांगतला होता का?

उत्तमराव : हर्षा मॅडम, तुमी आखनी करा. मी बोलून राह्यलो यायच्यासंग.

हर्षा : नाही करत, साहेब.

उत्तमराव : म्हंजे? इंजिनेर तुमी हाये का मी?

हर्षा : मीच आहे. म्हणूनच नाही करत. कागद आहे, साहेब.

सुभद्रा : कोनता कागद?

हर्षा : ठराव आहे, काकू. दोन वर्षांपूर्वी सर्वसाधारण सभेत मंजूर झालेला. ही जागा पाच वर्षांसाठी तुमच्या गटाला. सोबत नळ, खत आणि तारेचं कुंपण. एकमताने. फक्त तुम्हाला पत्र पाठवायचं होतं, ते कुणी पाठवलंच नाही. मी अकोल्याहून येऊन पाच महिने झाले. या कामाची फाईल लावताना ठराववही चाळली, तेव्हा सापडला.

सुभद्रा : दोन वर्सं? दोन वर्सं हे मंजूर होतं, आन आमी गुंड वाहून राह्यलो?

उत्तमराव : असन एखादा ठराव. सभेत पन्नास विषय रायतात. मले काय मालूम?

हर्षा : काल दुपारी मी तुम्हाला फोन केला होता. सगळा ठराव वाचून दाखवला. तुम्ही म्हणालात, सोमवारी बसू, तोवर काम थांबवतो. आणि आज सहाला मशीन आलं.

सुभद्रा : उत्तमराव, तुमाले मालूम होतं?

उत्तमराव : मॅडम, तुमची नोकरी कंत्राटी हाये. मार्चमधी फेरनेमनूक हाये. इसरू नोका.

हर्षा : नाही विसरले. पण मला… मले नाई जमत हे, सायेब! चुन्याची पाटी हातात घेऊन उभी होती मी. म्हातारी पडली तवा पाहून राह्यली होती निरा. एक शब्द नाई निघाला माह्या तोंडातून. मार्चमधी काढाचं असन त काढा.

सुभद्रा : मॅडम, मोबाइलवर हाये का तो ठराव? द्या यायच्या हाती. वाचा उत्तमराव. मोठ्यानं.

उत्तमराव : मी कावून वाचू?

सुभद्रा : आमी तेरा बाया अठी हावो म्हनून. चौदावी दवाखान्यात हाये. चष्मा लावा.

उत्तमराव : "ठराव क्रमांक सत्तावीस… प्रभाग सहामधील खुली जागा महिला गटास भाजीपाला लागवडीकरिता पाच वर्षे वापरण्यास देण्यात यावी… पाणीपुरवठा विभागाने अर्धा इंची नळजोडणी द्यावी… ओल्या कचऱ्यापासून तयार झालेले खत दरमहा मोफत…" झालं. खाली सह्या हायेत.

सुभद्रा : मॅडम, तुमी सांगा. खाली काय लिवलं हाये?

हर्षा : सूचकाचं नाव आहे, काकू. म्हणजे सभेत हा ठराव ज्यांनी मांडला, त्यांचं. सूचक, उत्तमराव रामराव.

सुभद्रा : तुमी? आमच्यासाठी तुमीच मांगतलं होतं?

उत्तमराव : तवा बक्षीस आलं होतं. जोश होता. आन खरंच वाटलं होतं मले, सुभद्राबाई. मंग बाबा गेले. मनात आलं, त्यायच्या नावाचा बगीचा असावा. मोठं गेट, वर नाव, आत फोटो. या वार्डात दुसरी जागा नाई.

सुभद्रा : रामरावबाप्पाच्या नावानं गट्टू? अवो, तो मानूस पहाटे सांबाराच्या जुड्या बांधे आन हातगाडी लोटत मोझरीले नेऊन विके. मी लग्न होऊन आली तवा मले गवत आन रोप वळखू येत नव्हतं. माह्या बाजूले बसून निंदाले शिकवलं त्यायनं. ओरडले नाई कधी. त्या मानसाचं नाव तुमी मेथीच्या छातीवर सिमेंट टाकून लिवनार होते? मशीन फिरलं तवा वास आला असन ना सांबाराचा? का तोबी नाई आला?

(उत्तमराव मशीनकडे वळतात.)

उत्तमराव : ए ड्रायवर, घे मशीन बाहीर. घे म्हनलं ना!

सुभद्रा : असं नाई. हे मशीन गेलं की उद्या दुसरं येईन. मॅडम, लिवा.

हर्षा : लिहितेच आहे. काम बंद केल्याचा पंचनामा. ठराव कायम असल्याने या जागेवर दुसरं काम करता येणार नाही. काकू, वाफे किती मोडले?

सुभद्रा : अकरा. आन पार्बताबाईचं मनगट. तेबी लिवा.

हर्षा : लिहिलं. साहेब, इथे सही.

उत्तमराव : इलेक्शन तोंडावर हाये, मॅडम. हा कागद गावभर फिरन.

सुभद्रा : फिरनच. मी फिरवीन. करा सही.

उत्तमराव : द्या पेन… हे घ्या. सोमवारी पत्र काढाले लावतो.

सुभद्रा : सोमवार पाहून झाला आमचा. पत्र आज. नळाचा मानूस आज. आन त्या पत्राची एक नक्कल अंगनवाडीच्या भिंतीले चिकटवा. पुढचा नगरसेवक आला त त्यालेबी दिसली पाह्यजे.

उत्तमराव : दुपारपर्यंत आनतो. तिवस्यालेबी जाऊन येतो, म्हातारीले भेटून.

सुभद्रा : तिले इचारीन मी आंधी. तिनं या म्हनलं त जा. चला वो बायांनो, ऊन चढून राह्यलं. उपटलेल्या वांग्यायच्या मुळाले माती हाये तोवर लावले त जगतीन. अर्धे त जगतीन.

हर्षा : काकू, मी पाणी आणते.

उत्तमराव : मी… मी लागू का हाताले?

सुभद्रा : जोडे तठी काढा.

उत्तमराव : सुभद्राबाई, आयका, मले खरंच…

सुभद्रा : रोप खोल लावा. बोलू नोका.