जगसीरला झोप लागली

अगं नको, उठवू नकोस त्याला — आत्ता कुठं डोळा लागलाय पोराचा. तू बस त्या बाजेवर, चहा ठेवलाय मी. तुरुंगाच्या दवाखान्यातली नर्स एवढ्या धुक्यात स्कूटर हाणत येते, का तर जगसीर सुटल्यापासून गोळीला आला नाही म्हणून — वाहेगुरू तुझं भलं करो! पण ती नशा सोडवायची गोळी आता बंद. कायमची. आत होता तोवर ठीक होतं, रोज तुझ्यासमोर आ करायचा, जिभेखाली धरायची, विरघळेपर्यंत गप्प बसायचं — सांगितलंय त्यानं. सुटून आला तसं उंबऱ्याला दोन्हीकडं मोहरीचं तेल ओतून घरात घेतला, आणि दुसऱ्या सकाळी थेट गुरुद्वारात. साऱ्या गावासमोर माथा टेकवून शपथ घ्यायला लावली — गोळीलासुद्धा शिवणार नाही. नशा ती नशाच! सरकारनं दिली म्हणून काय औषध होते होय? सुटताना तू त्याच्याबरोबर दिलेल्या गोळ्या माझ्या हातानं कालव्यात टाकल्यात मी.

असं तोंड काय करतेस? झाला त्रास, नाही कशाला म्हणू? उलट्या काय, जुलाब काय, भिंतीवर डोकं काय आपटायचा — 'बेबे, एक गोळी आण गं, पाया पडतो.' मी बाहेरून कुलूप घातलं आणि दाराला पाठ टेकून जप करत बसले. आईचं काळीज आहे गं, दगड नाही. पण शपथ मोडायची कशी? गाव थुंकलं असतं तोंडावर.

आणि आता बघ! ऐकतेस ना, कसा घोरतोय? घशात घरघर आहे थोडी — गारठा आहे ना. त्याचा बाप असाच घोरायचा.

कोण आलं होतं? कुणी नाही. — म्हणजे बिंदर आला होता सकाळी, वर्गातला त्याचा. म्हणाला, 'चाची, दार उघड, मी झोपवतो त्याला.' उघडलं मी. खिशात काय होतं ते मी कशाला विचारू? … बरं बाई, कळलं मला. या गावात कुठल्या आईला कळत नाही? चिट्टा होता, तीच ती पांढरी पूड, हेरॉईन. एकदाच, म्हटलं. पोरगं डोळ्यांदेखत तडफडत होतं — आणि शपथ तर गोळीची होती ना? याची कुठं होती?

अगं, माझा हात सोड! काय म्हणतेस — इतके दिवस अंगात नव्हता, आधीएवढा आता त्याला सोसायचा नाही? का नाही सोसायचा? तेवढाच तर घेतला, बिंदर म्हणाला, नेहमीचाच… किल्ली? आहे ना, ओढणीच्या टोकाला — गाठ सुटेना बघ, थांब, दातानं सोडवते — ओठांचा रंग? निळसर दिसले खरे मघाशी, पांघरूण घातलं तेव्हा, मी म्हटलं थंडीनं — पिशवीतनं काय काढतेस ते? नाकात मारायचं औषध? त्यानं उठेल ना? उठेल म्हण ना गं!

थांब. घोरायचा थांबला. उठला बघ, मी म्हटलं नव्हतं? जगसीर? दवाखान्यातली ताई आलीय रे, तुझी गोळी घेऊन आलीय. घे तू, मी काही म्हणणार नाही. ओ दे ना, पुत्तर…

जगसीर?