दुपारचा अनोळखी फोन

— नाही हो, नेट चांगलं चाललंय, त्याची तक्रारच नाही माझी. तुमच्या ऑफिसातल्या बाईंना मी तेवढंच सांगितलं, की वायफायचं काम आहे, माणूस पाठवा. बसा की आधी, भाऊ. काढायचंय ते माझ्या फोनात आहे — हे बघा, हे अ‍ॅप. घरात कुणाचाही फोन वायफायला लागला की हे मला कळवतं, मी कुठंही असले तरी. तुमच्या आधी जे यायचे ना, टकले, बोलके, त्यांनी घालून दिलं. म्हणाले, काकू, सुरक्षा आहे. मीही म्हटलं असू दे, घरात बायकामाणसं दोघीच — मी आणि माझी लेक. नवऱ्याचं घर सोडून आली होती ती. सोडून म्हणजे... रीतसर. कागदबिगद सगळं झालेलं आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग काढता कशाला? सांगते. तिचा फोन तिच्या नावानं दिसायचा. संध्याकाळी मी गॅसजवळ असायचे, फोन टुंग करायचा — आली. जिन्यात असतानाच कळायचं. बेल वाजायच्या आत चहाचं आधण ठेवलेलं. मला त्याचं कौतुकच वाटायचं हो. तिला नव्हतं वाटत. एकदा मी बहिणीकडे गेले होते, तिथून तिला फोन केला — आज लवकर आलीस वाटतं? तर म्हणाली, तुला कसं कळलं? मी म्हटलं, आईला कळतं. — आईला कसलं कळतंय. टुंग झालं म्हणून कळलं. पुढं चार दिवसांत तिनं माझ्या फोनात हे अ‍ॅप बघितलंच.

तर काय झालं, माझा हा गुडघा. दुपारी व्यायामाला जाते मी, दवाखान्यात. तिथं पाय वर अडकवलेला, आणि फोन टुंग. बघते तर अनोळखी फोन — आमच्या घरात. दुसऱ्या दिवशी परत. ना नाव ना गाव, आणि दर वेळी नवाच, म्हणजे जणू रोज वेगळंच कुणी येतंय. लेक त्या वेळी ऑफिसात. किल्ल्या दोघींकडेच. मग कोण? चोर काही रोज दुपारी येऊन वायफाय लावून बसत नाही, एवढं मलाही कळतं. मग काय, मन चिंती ते वैरी न चिंती. वैरी तरी बरा, त्याला माझ्या लेकीची माहिती नसते. मला होती. तरी.

विचारायला हवं होतं मी तिला. रोज समोरासमोर जेवत होतो. नाही विचारलं. सांगितलं कुणाला — तिच्या धाकट्या भावाला. तो म्हणाला, आई, तू काही बोलू नकोस, मी येतो. आला. दुपारी दोघं खाली गाड्यांच्या आड उभे राहिलो, स्वतःच्याच घराखाली. जिन्याचं तोंड पलीकडे, कोण वर गेलं ते दिसलं नाही; फोन टुंग झाला तसे वर आलो, किल्लीनं दार उघडलं... हे कुणाला सांगू नका हं. म्हणजे, तुम्ही कशाला सांगाल.

एकटी होती. पडदे ओढून पलंगाच्या कडेला बसलेली, मांडीवर डबा उघडलेला, फोनवर कसलंसं गाणं — आणि आम्हाला बघून घास तोंडात तसाच. तेवढंच. माझ्या मुलानं काय करावं? बाथरूममध्ये डोकावला. कपाट उघडलं, तिचं कपाट. मग पलंगाकडे आला. आणि ती — भाऊ, तिनं नुसते पाय वर घेतले. त्याला खाली वाकून बघता यावं म्हणून. मी त्याला नको म्हटलं नाही. दारात उभी होते. खरं सांगू? मलाही बघायचं होतं.

पलंगाखाली काय असणार. ती आली त्या दिवशीची बॅग होती.

नंतर तिनंच फोन दाखवला मला, लहान मुलाला शिकवावं तसा. त्यात एक सेटिंग असतं म्हणे, तुम्हाला ठाऊकच असेल — ते चालू केलं की फोन वायफायला स्वतःची खरी ओळख देतच नाही, दर वेळी एक खोटी देतो. आमच्या घरात रेंज येत नाही, वायफायवाचून गाणंसुद्धा लागत नाही, म्हणून दुपारी ती ते चालू करायची. ऑफिस जवळच, जेवणाच्या सुट्टीत यायची. म्हणाली, कुणी मला ‘कशी आहेस’ विचारणार नाही, अशी तेवढीच वेळ होती गं. मी म्हटलं, आणि संध्याकाळी? संध्याकाळी तर तुझं नाव यायचं. तर म्हणाली, संध्याकाळी बंद करायचे ते. तू वाट बघत असतेस ना.

...पाणी देऊ तुम्हाला? मी घेते थोडं.

आता खोली घेऊन राहते ती. भांडली नाही. भांडली असती तर मीही चार शब्द सुनावले असते, दोघी रडलो असतो, मिटलं असतं. बॅग घेतली, पाया पडली आणि गेली. तेव्हा हे एवढं काढून टाका, नको मला ते — थांबा, भाऊ. एक विचारायचं होतं. ती राहते ती पिवळी इमारत, पुलापलीकडची, तिथंही तुमचंच नेट आहे. जिन्यात तुमच्या कंपनीची पेटी बघितली मी. वर नाही गेले, तिथूनच परत फिरले. तुम्हाला तुमच्या ऑफिसातून दिसत असेल ना, कुणाचा फोन लागला, कुणाचा नाही? जास्त काही नको. संध्याकाळी ती पोचली की मला नुसतं — पोचली, एवढंच —

असं बघू नका हो माझ्याकडे.

काय म्हणालात? फोन करून तिलाच विचारू? उचलेल की. लगेच उचलेल. मीच करत नाही. कुठल्या तोंडानं विचारू, पोचलीस का म्हणून?

बरं. मी हे विचारलंच नाही असं समजा. काढा ते, माझ्यादेखत काढा... झालं? मग निघा आता. आणि त्या पिवळ्या इमारतीत कधी काम निघालं, तर मी जिन्यापर्यंत आले होते हे तिला सांगू नका. या तुम्ही. दार मी लावते.